कार्यालयातील फोन रेकॉर्ड करताना

प्रश्न : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा यंत्रांच्या सुट्या भागांच्या वितरणाचा व्यवसाय असून कार्यालयातील दहा आयपी फोन संगणकांच्याच नेटवर्कवर चालतात. तोंडी ऑर्डरींवरून ग्राहकांशी वाद होतात, म्हणून एका संगणकावर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बसवून तो स्विचला, म्हणजे नेटवर्कमधील यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला, जोडला; परंतु त्यात एकही संभाषण येत नाही. असे का होते? तसेच, कर्मचाऱ्यांना न सांगता त्यांचे कॉल ऐकता येतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सॉफ्टवेअर बदलण्याची घाई करू नका. स्विच प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) ज्या पोर्टसाठी, म्हणजे वायर जोडण्याच्या ज्या खाचेसाठी, असेल त्याच पोर्टवर पाठवतो, त्यामुळे शेजारच्या पोर्टवर बसलेल्या संगणकाला इतरांचे बोलणे मिळतच नाही. त्यासाठी पोर्ट मिररिंगची, म्हणजे एका पोर्टवरील माहितीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवण्याची, सोय असलेला मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच लागतो. त्यात कोणत्या पोर्टची प्रत घ्यायची, हा खरा निर्णय आहे. बाहेरची लाइन जेथे येते त्या गेटवेच्या पोर्टची प्रत घेतली, तर ग्राहकांचे कॉल मिळतात. दोन टेबलांमधील अंतर्गत कॉलचा आवाज बहुधा फोनकडून थेट फोनकडे जातो, तो तेथे येत नाही. तुमच्या कामासाठी हे पुरेसे आहे, आणि माझ्या मते तेच योग्यही आहे. आवाज एसआरटीपीने (नेटवर्कवरून जाणारा आवाज सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतीने) कूटबद्ध केलेला असेल, तर मात्र मिररिंगमधून ऐकण्याजोगे काही हाती लागणार नाही. मग रेकॉर्डिंग आयपी पीबीएक्समध्येच, म्हणजे कार्यालयातील फोन जोडून देणाऱ्या यंत्रणेतच, करावे लागेल, आणि तशी सोय आधीच असेल तर वेगळा संगणक हवाच कशाला?

साठवणुकीची चिंता नको. आवाजाचे अंकीय रूप करण्याच्या जी.711 या प्रचलित पद्धतीत एका बाजूचा आवाज सेकंदाला 64 किलोबिट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून तासाला सुमारे 58 एमबी जागा घेतो. प्रत्येक फोनवर रोज तीन तास बोलणे झाले, तरी दहा फोनांचे मिळून दिवसाला पावणेदोन जीबीच्या आसपास होतात.

न सांगता ऐकण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पूर्वसूचना व संमती यांना मध्यवर्ती स्थान आहे. कॉल रेकॉर्ड होतात, कशासाठी होतात आणि कोण ऐकू शकते, हे कर्मचाऱ्यांना लेखी कळवून त्यांची सही घ्यावी, आणि खासगी बोलण्यासाठी रेकॉर्ड न होणारा एक फोन ठेवावा. ग्राहकांसाठी कॉलच्या आरंभी सूचना वाजवावी; पण ती येणाऱ्या कॉललाच लागू पडते, हे अनेक जण विसरतात. तुमचा माणूस स्वतः फोन लावतो, तेव्हा ती गोष्ट त्यानेच तोंडाने सांगायला हवी.

वाद न्यायालयात गेल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते व त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, तिच्यात काहीही बदलले की बदलणारा संकेतांक) नमूद करावे लागते. म्हणून मूळ फाइलमध्ये काटछाट करू नये. हवा तो भाग प्रतीतून काढावा, आणि फाइली उघडण्याचा अधिकार एक-दोन जणांपुरताच ठेवावा.