सोसायटीच्या पार्किंगमध्ये घरच्या घरी कॉइलओव्हर बसवता येतील का?

तुम्ही विचारलंय की जुन्या स्विफ्टला कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट, स्वतः बसवायचाय, पुण्यात सोसायटीचं पार्किंग आहे, एका रविवारी होईल का, गाडी किती खाली घ्यावी आणि कुठला सेट घ्यावा.

होतं. मी केलंय. २०१३ ची स्विफ्ट, वारज्यात, बेसमेंटमध्ये. फक्त मदतीला नातेवाईक बोलावू नका.

आमचे साडू चाकणला कंपनीत आहेत, मेकॅनिकल डिप्लोमा, आणि मी बँकेत, त्यामुळे पाना कोणाच्या हातात राहणार हे आधीच ठरलेलं. सकाळी ८ ला आले ते "चार तासांत गाडी खाली" म्हणतच आले. नकलचे (चाकाचा हब धरणारा लोखंडी भाग, शॉकअप खाली त्यालाच जोडलेला असतो) दोन बोल्ट असे गंजलेले की पान्याला पाइप लावून त्यावर उभं राहावं लागलं, आणि दुपारी १ ला जेमतेम एक बाजू सुटली होती. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली, तिसऱ्यांदा आलीच नाही. (हे बोल्ट आदल्या रात्री गंजनाशक स्प्रे मारून ठेवा, निम्मा दिवस वाचतो.)

आता मुख्य गोष्ट. आमच्या सेटबरोबर वरचं माउंट (शॉकअपचं वरचं टोक गाडीच्या बॉडीला जोडणारा भाग) आलं नव्हतं, जुनंच काढून नव्यावर चढवायचं होतं. जुनी स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे, इथे अजिबात घाई नको, ती सुटली तर जबडा नेईल. मग नव्या शॉकअपवर माउंट ठेवून वरचा नट आवळायला गेलं की शाफ्टच नटाबरोबर गरागरा फिरतो. त्यासाठी शाफ्टच्या टोकाला ॲलन कीची खाच असते, आत की धरायची आणि बाहेरून रिंग पाना फिरवायचा. मी की शोधायला टूलबॉक्सकडे वळलो तेवढ्यात साडूंनी रबरी बूट सरकवून शाफ्टला सरळ ग्रिप प्लायर लावला. मी ओरडलो. तर म्हणे, "अहो, घट्ट धरल्याशिवाय नट बसतो का? कापड गुंडाळलंय ना!" कापड म्हणजे माझा जुना बनियन.

तो शाफ्ट क्रोमचा असतो, आरशासारखा गुळगुळीत, आणि ऑइल सीलमधून सतत वरखाली होतो. त्यावर नखाला लागेल एवढा जरी ओरखडा आला तरी तो दर खड्ड्याला सीलवरून कानशीसारखा फिरतो. रात्री ७ ला वॉचमनच्या बॅटरीत शेवटचं चाक लावलं, गाडी मस्त दिसत होती, साडू फोटो काढून गेले. तीन आठवड्यांनी डाव्या पुढच्या शॉकअपवर गळलेल्या तेलाचा आणि धुळीचा काळा चिकट लेप. बूट वर केला तर शाफ्टवर चार रेघा, सारख्या अंतरावर, प्लायरच्या दातांच्या. विकणाऱ्याने बघितलं आणि वॉरंटीचं नावच काढू नका म्हणाला, बरोबरच होतं त्याचं. पदरचे पैसे घालून ती एक बाजू बदलली.

साडूंचं आजही म्हणणं की माल हलका होता, पुण्याच्या खड्ड्यांनी सील गेलं. खड्ड्याला दात नसतात, साहेब.

असो. बसवून झालं म्हणजे काम झालं असं नाही. बुशचे (सांध्यांतल्या रबरी नळीचे) बोल्ट चाकं हवेत लटकलेली असताना फायनल आवळायचे नाहीत, गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. उंची मोजायची ती हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत, चारही चाकांची, कारण जमिनीपासून मोजलं की टायरमधली हवा आणि बेसमेंटचा उतार दोन्ही फसवतात. सेटला खालचा ब्रॅकेट फिरत असेल तर उंची त्यानेच बदला, स्प्रिंगची रिंग आवळून नाही. डॅम्पिंगचे (शॉकअप किती कडक ते ठरवणाऱ्या नॉबचे) क्लिक पूर्ण बंदपासून मोजा, डावं-उजवं सारखं. मग अलाइनमेंट, आणि ती थोडी चालवून गाडी बसल्यावर, त्याच दिवशी नाही. पाचेकशे किलोमीटरनंतर सगळं पुन्हा आवळा. मागे स्विफ्टला स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, ते काम अर्ध्या तासाचं आहे.

किती खाली? मी २५ एमएम घेतली आणि महिन्याभरात १० परत वर केली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद जाते. आपल्याकडचे निम्मे तर डांबराची घागर पालथी घातल्यासारखे, आमच्या गेटसमोरचा तर असा की रिक्षासुद्धा तिरकी घालतात. त्यामुळे आधी आपल्या गेटचं बघा, मग इंटरनेटवरचे फोटो.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. गाडी जॅक स्टँडवरच ठेवा, नुसत्या जॅकवर किंवा विटांवर नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि क्लेमच्या वेळी विमावाले हेच दाखवून हात वर करू शकतात. तुमची रिस्क, तुम्ही बघा. माझे मी वर्षभराने काढून टाकले, पण कायद्यामुळे नाही, आईला उतरताना गुडघा दुखायचा म्हणून.

तो ओरखडलेला शॉकअप मात्र माळ्यावर आहे. यंदा गौरी जेवायला साडू आले की ताटाशेजारी ठेवणार आहे.

ता.क. कुठला सेट ते राहिलंच. तुमच्याच मॉडेलचं वरचं माउंट बरोबर येणारा घ्या, तीनशे वेळा ब्रँड विचारण्यापेक्षा एवढं विचारा. आणि पुढची-मागची उंची वेगवेगळी बदलली असेल तर हेडलाइटही सेट करून घ्या, नाहीतर समोरचा अख्खा कात्रज घाट शिव्या घालेल.