काठमांडूतला शेवटचा दिवस

प्रश्न : आम्ही उभयता साठी ओलांडलेले आहोत. पोखरा, चितवन पाहून काठमांडूला येऊ आणि तेथून रात्रीच्या विमानाने बँकॉकला जाऊ. शेवटचा दिवस मोकळा आहे. यांची इच्छा पहाटे नगरकोटला सूर्योदय पाहण्याची आहे. मला ती धावपळ नको वाटते. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मी तुमच्या बाजूने आहे. नगरकोटला ढग आले तर शिखरे दिसत नाहीत आणि परतताना वाहनांच्या गर्दीत किती वेळ जाईल, हे सांगता येत नाही. हिमालय तुम्ही पोखऱ्यातून पाहिलेला असेलच.

त्यापेक्षा सकाळी बागमतीपलीकडच्या पाटनला, म्हणजे ललितपूरला जा. तेथील दरबार चौकात सिद्धिनरसिंह मल्ल राजाने 1637 साली बांधलेले दगडी कृष्णमंदिर आहे. त्याच्या पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत आणि दुसऱ्या मजल्यावर रामायण कोरलेले आहे. समोरच्या ओट्यावर बसून मान वर करून पाहिले, की लहानपणापासून ऐकलेले प्रसंग बोटभर उंचीच्या आकृत्यांतून एकेक करून ओळखू येऊ लागतात, आणि त्या ओळखण्यात तासभर कसा जातो ते कळत नाही. जवळच्या गल्ल्यांत मेणाच्या साच्यावरून धातूच्या मूर्ती ओतणारे कारागीर आहेत. मूर्ती घेतल्यास ती जुनी नसल्याचा पुरातत्त्व विभागाचा दाखला दुकानदाराकडून आवर्जून मागून घ्या, कारण शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

संध्याकाळ बौद्धनाथ स्तूपापाशी काढावी. ते विमानतळापासून जवळ असल्याने सामान गाडीत ठेवूनच निघता येते. 2015 च्या भूकंपात स्तूपाच्या शिखराला तडे गेले होते. ते उतरवून पुन्हा बांधले गेले आणि 2016 च्या नोव्हेंबरात स्तूप पुन्हा खुला झाला. दिवेलागणीला स्थानिक माणसे स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालतात, त्यांच्यातच मिसळून चालावे. तुपाचा एक दिवा अवश्य लावा.

नेपाळी रुपये मात्र त्याआधीच संपवा किंवा बदलून घ्या. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी हा दर ठरलेला आहे, पण बँकॉकला या नोटा बदलून मिळणे कठीण आहे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. यांच्या मनगटावरचे घड्याळ अजून नाशिकच्या वेळेवर असेल, तर विमानाची वेळ त्यावरून मोजू नका.