साइडमाउंट शिकायचंय, पण कुणाकडे?

प्रश्न: नमस्कार ताई, मी पुण्याचा, वय 41. तीन वर्षांपूर्वी तारकर्लीला ते हात धरून पाण्याखाली नेतात ना, तसलं केलं आणि तिथंच वेड लागलं. मग अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगचे ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड हे पहिले दोन कोर्स झाले, आता 34 डाइव्ह आहेत. कंबरेचं दुखणं जुनं, त्यामुळे पाठीवर टँक घेऊन बोटीवर उठताना जीव जातो. साइडमाउंटला टँक दोन्ही कुशींना लावतात आणि पाण्यात उतरूनही लावता येतात म्हणे. थायलंडला को ताओला जातोय. दोन इन्स्ट्रक्टरशी बोललो, एक म्हणतो दोन दिवसांत कार्ड हातात, दुसरा चार दिवस मागतो आणि पैसे जवळजवळ दुप्पट. दोघंही पॅडीचेच, म्हणजे डायव्हिंगची कार्डं देणाऱ्या त्या एकाच संस्थेचे. मग फरक कसला?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: दोन दिवसवाला फसवतोय असं नाही हो. पॅडीचा कोर्सच मुळात पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात एक सेशन आणि समुद्रात तीन डाइव्ह एवढाच आहे, ते दोन दिवसांत बसतं. पण ते कमीत कमी आहे, आणि कमीत कमी देणाऱ्याकडे मी स्वतः एकदा शिकलेय. हार्नेस (टँक ज्याला अडकवतात तो अंगावरचा पट्ट्यांचा साज) माझ्या मापाचा करायला त्याने दहा मिनिटंही दिली नाहीत, चल उडी मार म्हणाला. शेवटच्या डाइव्हपर्यंत माझे टँक गाढवावरच्या गोण्यांसारखे लोंबत होते. कार्ड मिळालं, येत काही नव्हतं, पुढे दुसरीकडे पैसे भरून सगळं पुन्हा शिकले.

म्हणून पहिलं हे विचारा की पाण्यात जायच्या आधी जमिनीवर किती वेळ देणार. साइडमाउंटमध्ये निम्मं काम तिथंच असतं, पट्टे कापून, बंजी (टँक अंगाशी धरणारी रबरी दोरी) ताणून, क्लिप कुठे बसते ते बघून, आणि प्रत्येकाचं अंग वेगळं. चांगला माणूस अर्धा दिवस यातच घालवतो आणि तुम्हाला कंटाळा आणतो. आणायलाच हवा! याच कारणासाठी हार्नेस इथून विकत घेऊन जाऊ नका, आधी त्याचे दोन-तीन प्रकार घालून बघा.

दुसरं, त्याचे पाण्याखालचे फोटो-व्हिडिओ मागा, शिकवतानाचे नकोत, तो स्वतः फिरत असतानाचे. टँक अंगाला समांतर, काखेपासून मांडीपर्यंत सरळ रेषेत दिसले पाहिजेत. त्यातही डाइव्हच्या शेवटचा व्हिडिओ मागा, कारण तिकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमचे टँक असतात आणि भरलेल्या एका टँकमध्ये हवाच अडीच किलोच्या वर असते, ती संपत गेली की टँक तरंगायला लागतो आणि मागचं टोक शेपटीसारखं वर उठतं. ज्याला येतं तो मधेच मागची क्लिप पुढच्या रिंगला सरकवतो, एका हाताने, न बघता. ज्याच्या शेपट्या शेवटपर्यंत वर, तो तुम्हाला काय शिकवणार?

आणि सरळ विचारा, शिकवायचं नसतं तेव्हा तुम्ही स्वतः साइडमाउंटच लावता का? ओपन वॉटर शिकवणाऱ्याला साइडमाउंट शिकवायचं वेगळं रेटिंग लागतं, ते आहे का आणि सध्या चालू आहे का हे पॅडीच्या साइटवर प्रो चेकमध्ये त्याचा इन्स्ट्रक्टर नंबर टाकून बघता येतं, पण त्यावरून तो रोज करतो की वर्षात दोनदा ते कळत नाही. फोनवर त्याच्याकडून हेही वदवून घ्या की दोन टँकमधली हवा सारखी कशी ठेवायची (थोड्या थोड्या वेळाने रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून ज्यातून श्वास घेतो ते, बदलत राहायचा), एका रेग्युलेटरमधून हवा फुर्रकन सुटत राहिली तर कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि शेजारच्याला हवा द्यायची वेळ आली तर लांब होज (हवेची नळी) कुठून काढायची. हे पाण्यात किती वेळा करून घेणार विचारलं की "ते होईल हो" म्हणणारा सोडून द्या. एका वेळी दोनपेक्षा जास्त विद्यार्थी घेणाराही नको, हे माझं मत.

आता कंबरेचं. एक भरलेला टँक 17-18 किलोचा असतो, तो बोटीवरून पाण्यात देणारा पोऱ्या सरावाचा नसेल तर लाटांत क्लिप शोधताना पाठ जास्त पिळते. म्हणून बोट कुठली, मदतीला कोण, वर येताना टँक आधी काढून देता येतात का, हे इन्स्ट्रक्टरला विचारा, तो यावर किती बोलतो त्यातच कळेल. मेडिकल फॉर्मवर पाठीचा प्रश्न असतोच, तिथे खोटं लिहू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मला विचाराल तर चार दिवसवाला, पण वरचं सगळं विचारून मगच.

प्रश्न: साइडमाउंट झाल्यावर मेक्सिकोतल्या तुलुमच्या सेनोटेमध्ये, म्हणजे त्या पाण्याने भरलेल्या गुहांत जाता येईल का? भाऊ ह्यूस्टनला असतो, जवळ पडेल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: उजेड दिसतो तिथपर्यंत गाइडबरोबर जाता येतं, आणि त्याला साइडमाउंट लागतही नाही, ओपन वॉटरवाले पाठीवर टँक लावून जातात. त्याच्या आत मात्र नाही. साइडमाउंट मुळात गुहावाल्यांचंच, इंग्लंडमधल्या अरुंद भुयारांत पाठीवर टँक घेऊन शिरताच येईना म्हणून निघालेलं, त्यामुळे लोकांना वाटतं टँक कुशीला आले की गुहा आपलीच. गुहेचं ट्रेनिंग पूर्ण वेगळं आहे, दोरी, दिवे, हवेचा हिशोब सगळंच. आणि नुसत्या साइडमाउंटच्या कार्डावर "चला आत नेतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका.