कॉक्लिअर इम्प्लांटवरील संशोधन : वाट अभियांत्रिकीची की श्रवणशास्त्राची?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मावसबहिणीला लहानपणी कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात बसवलेल्या इलेक्ट्रोडांतून विजेचे स्पंद देऊन श्रवण मज्जातंतू उद्दीपित करणारे उपकरण) बसवले. ती उत्तम बोलते, पण लग्नकार्याच्या गोंगाटात तिला समोरच्याचे बोलणे कळत नाही. या विषयात संशोधन करायचे, तर मला अभियांत्रिकी सोडून श्रवणशास्त्राकडे वळावे लागेल का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अभियांत्रिकी मुळीच सोडू नका. आधुनिक कॉक्लिअर इम्प्लांटच्या विकासासाठी 2013 मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळालेल्या तिघांपैकी मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क तेवढे शल्यचिकित्सक होते. ऑस्ट्रियाच्या इंगेबोर्ग होखमायर आणि अमेरिकेचे ब्लेक विल्सन हे दोघेही विद्युत अभियंते. शेजारच्या इलेक्ट्रोडांचे विद्युत्‌क्षेत्र एकमेकांत मिसळू नये म्हणून सर्वांना एकाच वेळी स्पंद न देता ते आळीपाळीने द्यावेत, ही विल्सन यांच्या गटाची पद्धत 1991 मध्ये प्रसिद्ध झाली आणि बोलणे समजण्यात तिने मोठा फरक पडला.

आपल्या बहिणीची अडचण मात्र त्या युक्तीनेही पुरती सुटलेली नाही. निरोगी कानात ध्वनीची माहिती मज्जातंतूंकडे पोहोचवणाऱ्या आंतरिक केशपेशी सुमारे 3,500 असतात, तर इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड साधारण 12 ते 22. ते वाढवले तरी त्या प्रमाणात लाभ होत नाही, कारण कॉक्लियातील (आतल्या कानाच्या शंखाकृती भागातील) द्रव विद्युत्‌वाहक असल्याने प्रवाह पसरतो आणि शेजारचे इलेक्ट्रोड बऱ्याच अंशी त्याच तंतूंना उद्दीपित करतात. त्यामुळे स्वराची उंची धूसर होते, एका आवाजातून दुसरा वेगळा काढता येत नाही आणि संगीताचा आस्वादही उणावतो. प्रवाह एका जागी केंद्रित करणे किंवा गोंगाट आधीच गाळणे (तेही काही मिलिसेकंदांत आणि कानामागच्या छोट्या बॅटरीवर) ही कामे आपल्या शाखेचीच आहेत. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे तर विजेऐवजी प्रकाशाने श्रवण मज्जातंतू उद्दीपित करण्याचे प्रयोग प्राण्यांवर चालू आहेत.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. रुग्णाच्या इम्प्लांटचे मॅपिंग, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी प्रवाहाची पातळी ठरवणे, हे श्रवणतज्ज्ञांचे काम आहे आणि त्या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती बी.ए.एस.एल.पी. या श्रवण व वाक्‌शास्त्राच्या, इंटर्नशिपसह चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमानंतर मिळते. तो बारावी विज्ञाननंतरचा असल्याने आपल्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. संशोधनासाठी त्याची गरज नाही. सिग्नल प्रोसेसिंग किंवा बायोमेडिकल विषयात एम.टेक. आणि पुढे पीएच.डी. हा सरळ मार्ग. मात्र सोबतीला श्रवणतज्ज्ञ हवाच, नाहीतर प्रयोगशाळेत उत्तम चाललेली पद्धत रुग्णाच्या कानात निरुपयोगी ठरते आणि हे वर्षानंतर कळते. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था किंवा म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था येथील अध्यापकांशी आतापासूनच पत्रव्यवहार सुरू करावा.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक सुचवतो. मराठी वाक्यांचे ध्वनिमुद्रण आठ वारंवारितापट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्ट्यातील तीव्रतेचे चढउतार तेवढे ठेवावेत व ते गोंगाटासारख्या ध्वनीवर बसवावेत. या ‘व्होकोडर’मधून इम्प्लांटच्या श्रवणाची ढोबळ कल्पना येते. ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक क्षणभर टिकणाऱ्या स्फोटात आणि लगतच्या स्वराच्या वळणात असतो. पट्टे कमी केल्यावर तो कुठवर ओळखू येतो, हे सामान्य श्रवण असलेल्या मित्रमैत्रिणींवर तपासता येईल. श्रोत्यांची लेखी संमती आणि महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी मात्र चाचणीपूर्वीच घ्यावी.