आभा कार्ड काढलं, तरी माझे जुने रिपोर्ट त्यात का दिसत नाहीत?

कारण आभा म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, आणि त्याचा 14 अंकी क्रमांक हा फक्त पत्त्यासारखा आहे. त्या पत्त्यावर नोंदी धाडायचं काम दवाखान्याचं आणि लॅबचं, आणि त्यांतले बरेच जण अजून धाडत नाहीत. (पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.)

हा क्रमांक ज्यातून मिळतो ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं. तुमची फाइल दिल्लीतल्या एखाद्या सर्व्हरवर जमा होत असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो आणि तुम्ही संमती दिलीत तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतो. मला ही रचना पटते. पण त्यासाठी दवाखान्याचं सॉफ्टवेअर मिशनशी जोडलेलं हवं आणि तुमची नोंद तुमच्या आभाला कुणीतरी जोडायला हवी.

मी दवाखान्यांना सॉफ्टवेअर बसवून देतो. घोडं कुठे अडतं ते रोज बघतो. बाहेर पेशंटची रांग, आत डॉक्टर एकटे. हाताने चिठ्ठी अर्ध्या मिनिटात होते. तेच टाइप करायचं तर वेगळा माणूस लागतो. त्याचा पगार कोण देणार? सरकारने जानेवारी 2023 पासून प्रोत्साहन योजना आणली, ठरावीक संख्येच्या पुढे नोंदीमागे 20 रुपये. त्याचा फायदा मोठ्या हॉस्पिटलांना आणि लॅबना, कारण त्यांचं काम आधीपासूनच संगणकावर चालतं. गल्लीतल्या डॉक्टरांना त्यात फारसा रस नाही. अमेरिकेने 2009 च्या कायद्याने नोंदी संगणकावर ठेवायला आधी पैसे दिले आणि 2015 पासून तसं न करणाऱ्यांच्या मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) बिलाला कात्री लावली. तिथे हॉस्पिटलं भराभर वळली (डॉक्टर मात्र स्क्रीनला अजून वैतागलेलेच आहेत). आपल्याकडे खाजगी दवाखान्यांवर तशी सक्ती नाही. म्हणून आभा क्रमांक 70 कोटींच्या वर गेले, तरी तुमचं आभा ॲप रिकामं.

सरकारी हॉस्पिटलात नोंदणीचा क्यूआर आभा ॲपने स्कॅन केलात तर केसपेपरची रांग वाचते, पण तेवढ्याने रिपोर्ट येईलच असं नाही. पुढच्या वेळी लॅबमध्ये नाव नोंदवतानाच आभा क्रमांक द्या आणि रिपोर्ट जोडणार का ते विचारा. घरातल्या जुन्या कागदांचे फोटो ॲपमध्ये स्वतः टाकता येतात. आणि संमतीची विनंती आली की कोणत्या नोंदी, किती दिवसांसाठी मागितल्या आहेत ते वाचूनच होकार द्या. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते.