वॉर्डातच काम करायचं तर ‘रिसर्च’ हा विषय कशाला?

तुम्ही विचारलंय की नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला संशोधनपद्धतीच्या व्याख्या पाठ झाल्या, पण वॉर्डात त्यांचा उपयोग कुठे दिसत नाही. आणि पुराव्यावर आधारित शुश्रूषा म्हणजे प्रत्येक नर्सनं संशोधन करायचं की काय?

नाही. संशोधन करणं वेगळं आणि झालेलं संशोधन नीट वाचून रुग्णापर्यंत नेणं वेगळं. दुसरं काम प्रत्येकीचं आहे, पण वाचता यायला ते कसं घडतं हे कळावं लागतं. विषय त्यासाठी आहे. मला तो कॉलेजात नाही, कॅन्युलामुळे, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवतात त्या बारीक नळीमुळे कळला.

मी कित्येक वर्षं हाताची कॅन्युला दर तिसऱ्या दिवशी बदलत आले. चालू असो, बंद असो, तिसरा दिवस आला की काढायची आणि दुसरी शीर शोधायची. एका आजींच्या शिरा सापडता सापडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, “चांगली चाललीय की बाई, कशाला काढतेस?” माझ्याकडे उत्तर होतं, “नियम आहे.” घरी गेल्यावर ते उत्तर मला फार लागलं.

आता हाच प्रश्न तुमच्या पुस्तकातल्या चौकटीत बसवून पाहा. रुग्ण कोण? काही दिवस सलाईन लागणारे. काय करायचं? गरज पडेल तेव्हाच कॅन्युला बदलायची. कशाच्या तुलनेत? ठरल्या दिवशी बदलण्याच्या. मोजायचं काय? शिरेचा दाह. हे चार तुकडे जमले की अर्धं काम झालं. ‘कॅन्युलाची काळजी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विद्यार्थ्यांचे प्रकल्प बहुतेक वेळा इथेच फसतात.

या प्रश्नावर क्लेअर रिकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, तीन रुग्णालयांत अभ्यास केला. रिकार्ड स्वतः नर्स आहेत, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. २०१२ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्ण ३२८३. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरच्या किंवा सिस्टरच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. का? कारण आपल्यावर सोडलं असतं तर नाजूक शिरांचे रुग्ण आपण नकळत एकाच गटात टाकले असते, आणि मग फरक कॅन्युलाचा की शिरांचा हे कधीच कळलं नसतं. निकाल असा: गरजेनुसार बदललेल्या १५९३ जणांपैकी ११४ जणांना शिरेचा दाह झाला, ठरल्या दिवशी बदललेल्या १६९० पैकीही ११४ जणांनाच. दोन्हीकडे ७ टक्के. म्हणजे ठरावीक दिवशी पुन्हा टोचून दाह काही कमी झाला नाही.

मी इथेच थांबले असते तर माझं वाचन अर्धवट राहिलं असतं. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हातल्या विद्यापीठ रुग्णालयांनी पुढे ठरल्या दिवशी बदलणं बंद केलं, आणि चार लाखांहून जास्त कॅन्युलांची नोंद तपासून २०२१ मध्ये जे प्रसिद्ध केलं ते वेगळंच होतं. नियम काढल्यावर कॅन्युलामुळे रक्तात होणारा जंतुसंसर्ग वाढला होता. जुना नियम परत आणल्यावर तो खाली आला.

मग खरं कोण? दोघांनी मोजलं काय ते पाहा. दाह नेहमीचा, म्हणून तीन हजार रुग्णांत तो नीट दिसतो. रक्तातला संसर्ग दुर्मीळ. तो दिसायला लाखोंचा आकडा लागतो. पण जिनिव्हातला अभ्यास आधी-नंतरची तुलना करणारा आहे, त्यात गट पाडलेले नाहीत. त्या काळात आणखी काय बदललं, कॅन्युलाची जागा रोज किती काळजीनं पाहिली गेली, हे पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. पुराव्याच्या उतरंडीत, म्हणजे कोणत्या प्रकारच्या अभ्यासावर जास्त भरवसा ठेवायचा या क्रमात, कोणता प्रकार वर, हे पाठ करून हा पेच सुटत नाही. नमुना किती, मोजलं काय, गट कसे पाडले, हे विचारावंच लागतं. माझं मत विचाराल तर, प्रत्येक ड्युटीत कॅन्युलाची जागा डोळ्यांनी पाहिली आणि बोटांनी चाचपली जात नसेल, तर ‘गरजेनुसार’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

आकड्यांत न मावणारे प्रश्नही असतात. दुखत असूनही रुग्ण सांगत का नाही, हे गुणात्मक पद्धतीनं, माणसांशी बोलूनच कळतं. त्या पद्धतीला कमी लेखू नका. शेवटी पुराव्याबरोबर तुमचा अनुभव आणि रुग्णाची इच्छाही धरायची असते. त्या आजींची इच्छा मी तेव्हा धरली नव्हती.

सिनिअर सिस्टर ऐकत नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. पेपर हातात घेऊन “तुमचं चुकतंय” म्हणत जाऊ नका. त्यांचा तो नियम कुणाच्या तरी काळजीपोटीच आला होता. रुग्णालयाचं धोरण तुम्ही एकटीनं बदलायचंही नाही. इन्चार्जची परवानगी घेऊन महिनाभर साधी नोंद ठेवा: कॅन्युला कधी लावली, कधी काढली, का काढली, जागा कशी होती. चारच रकाने. हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे ड्युटी बदलताना, भरायला मिनिटही लागत नाही. महिन्यानं तो कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, “सिस्टर, यात तुम्हाला काय दिसतं?”