उत्तर : यूएनसीएसटीचं मंजुरीपत्र आहे, मग नमुने पुण्याला का नेता येत नाहीत?

तुमची पोस्ट वाचताना जुनं दुखणं ओळखीचं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा : पीएचडीचं काम, युगांडातला मयुगे जिल्हा, शाळकरी मुलांमधला शिस्टोसोमियासिस म्हणजे बिलहार्झिया हा कृमींचा रोग. तिथल्या आरईसीची (नीतिसमितीची) मंजुरी आहे, यूएनसीएसटीच्या (युगांडाच्या राष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान परिषदेच्या) मंजूर प्रकल्पांत नाव आलंय, सूक्ष्मदर्शकाखालचं काम संपलंय. आता इथेनॉलमध्ये ठेवलेल्या विष्ठेच्या २४० नळ्या डीएनए तपासणीसाठी पुण्यातल्या प्रयोगशाळेत न्यायच्या आहेत, कुरियरवाला 'एमटीए (नमुने हस्तांतरणाचा करार) दाखवा' म्हणतोय आणि परतीचं विमान तीन आठवड्यांवर आलंय.

आधी आरईसी मग यूएनसीएसटी हा क्रम, एन-रिम्स या ऑनलाइन यंत्रणेवरचा अर्ज, स्थानिक सहसंशोधक, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची भेट, हे सगळं तुम्ही केलेलंच आहे, त्यामुळे ते सोडून देतो. एक सांगून ठेवतो : मी कुठल्याही समितीच्या वतीने बोलत नाही, नियम बदलतात, आणि तुमच्या आरईसीच्या सचिवांचं म्हणणं माझ्या म्हणण्याच्या वर धरा.

यूएनसीएसटीचं पत्र म्हणजे प्रोटोकॉलच्या (अभ्यासाच्या लेखी आराखड्याच्या) त्या ठराविक आवृत्तीत जे लिहिलंय तेवढं, त्या मुदतीत, त्या ठिकाणी करायची मुभा. तो निर्यातीचा परवाना नाही. प्रोटोकॉलमध्ये 'नमुने देशाबाहेर पाठवू' असं लिहिलेलं असलं तरी एमटीए वेगळा करावा लागतो आणि तो यूएनसीएसटीकडून मंजूर होऊन यावा लागतो. कुरियरवाला उगाच अडवत नाहीये.

पण तुमचा खरा पेच एमटीएचा नसावा, संमतीपत्राचा असावा. आज रात्री ते काढा. लॅपटॉपवरची फाइल नको, आरईसीचा शिक्का असलेली प्रत, आणि लुसोगा या तिथल्या भाषेतली, कारण पालकांनी सही किंवा अंगठा तिच्यावर केलाय. त्यात तीन गोष्टी शोधा : नमुना साठवून ठेवणार असल्याचा उल्लेख, तो युगांडाबाहेर जाणार असल्याचा उल्लेख, आणि डीएनए तपासणार असल्याचा उल्लेख (कृमीचा की मुलाचा, हे स्पष्ट हवं). युगांडाच्या २०१४ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नमुने साठवून पुढे वापरायचे असतील तर त्याची संमती वेगळी घ्यावी लागते. वेगळी अशासाठी, की आईला 'अभ्यासात भाग घेऊ दे, पण नमुना ठेवायचा नाही' असं म्हणता यावं. मुख्य संमतीपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात 'नमुने भविष्यातील संशोधनासाठी वापरले जाऊ शकतात' अशी एक ओळ घुसवून ही अट पूर्ण होत नाही. परदेशी विद्यापीठांच्या छापील संमतीपत्रांत ती ओळ हमखास असते, आणि तिच्यावर विसंबलेल्यांची एमटीएच्या टेबलावर अडचण होते.

सगळ्यात महाग पडणारी चूक होते ती केटो-कॅट्झच्या टेबलावर, म्हणजे साच्याने विष्ठा काचपट्टीवर घेऊन कृमींची अंडी मोजतात तिथे. साच्यात विष्ठा बसते ४१.७ मिलिग्रॅम. एका नमुन्याच्या दोन काचपट्ट्या केल्या तरी ०.१ ग्रॅमसुद्धा संपत नाही. डबीत भरपूर उरते आणि टीममधलं कुणीतरी म्हणतं, 'फेकायचीच आहे ना, थोडी इथेनॉलमध्ये ठेवू.' भावना चांगली असते. पण अंडी मोजायला मागितलेली विष्ठा नळीत गेली की तो वेगळ्या हेतूचा वेगळा नमुना झाला. प्रोटोकॉलमध्ये त्याची नोंद नसेल तर ते मंजुरीबाहेरचं काम ठरतं, मग नळीत ०.२ ग्रॅम असो की २. तुमच्या पोस्टमधलं 'उरलेले नमुने' हे शब्द वाचूनच मला शंका आली. तसं नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

तसंच असेल तर लपवू नका. आरईसीला प्रोटोकॉलपासून फारकत झाल्याचा अहवाल स्वतःहून द्या. आपण कळवलेलं आणि त्यांनी शोधलेलं यांत फार फरक पडतो.

आता २४० नळ्यांचे तीन गट करा. साठवणुकीची वेगळी संमती असलेल्या, फक्त याच अभ्यासातल्या तपासण्यांची संमती असलेल्या, आणि कागदच सापडत नाही अशा. पहिला गट एमटीएत घालता येतो. दुसऱ्या गटाची तपासणी मूळ हेतूत बसत असेल तर ती युगांडातच करून घेण्याचा रस्ता उघडा असतो. तिसऱ्या गटाला आरईसीचा निर्णय येईपर्यंत हात लावू नका.

दुसऱ्या गटासाठी पुन्हा संमती घ्यायची ठरवलीत, तर आधी प्रोटोकॉलमधल्या दुरुस्तीला आरईसीची आणि मग यूएनसीएसटीची मंजुरी घ्या, त्यानंतरच गावात जा. उलट क्रमाने गोळा केलेल्या सह्या कुणी मोजत नाही. पालकांची संमती आणि ८ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही नव्याने लागतील. वाचता न येणाऱ्या पालकाचा अंगठा घेताना टीमबाहेरचा साक्षीदार हवा. मजकूर लुसोगात हवा. कंपालाहून लुगांडातलं भाषांतर आणून 'तिथे सगळ्यांना कळतं' म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. हेच काम बुलीसा जिल्ह्यात असतं तर लुगुंगू आणि अलूर अशा दोन प्रती लागल्या असत्या.

आणि सगळे सापडतील ही आशा धरू नका. पी-सेव्हनची (प्राथमिक शाळेच्या सातवीची) मुलं वर्षअखेरीच्या परीक्षेनंतर पांगतात, मासेमारी करणारी कुटुंबं मासळीमागे एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर जातात. पत्ता शोधायला व्हीएचटी म्हणजे गावचे आरोग्य स्वयंसेवक आणि एलसी-वनचे (गावपातळीवरच्या परिषदेचे) अध्यक्ष यांच्यासारखी माणसं नाहीत. त्यांच्या वेळेचा आणि प्रवासाचा खर्च अंदाजपत्रकात धरा. फुकटात राबवून घेऊ नका, ही माझी कळकळीची सूचना. पुन्हा संमती घेण्यातून सूट मिळावी असा अर्ज आरईसीकडे करता येतो, पण सूट मिळेलच असं समजून विमानाची तारीख ठरवू नये.

आता एमटीए. करार दोन संस्थांमध्ये होतो, दोन संशोधकांमध्ये नाही. सही संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची लागते, तुमच्या मार्गदर्शकांची पुरत नाही. त्यात नमुन्याचा प्रकार, नळ्यांची संख्या, प्रत्येकीतलं प्रमाण, नेमक्या कोणत्या तपासण्या, किती मुदत, उरलेला नमुना परत पाठवायचा की नष्ट करायचा, तिसऱ्या कुणाला देता येणार नाही ही अट, मालकी कुणाची, लेखात युगांडातल्या सहकाऱ्यांचं स्थान काय, हे सगळं यावं. संख्या, प्रकल्पाचं शीर्षक आणि आवृत्ती क्रमांक आरईसीच्या पत्राशी अक्षरशः जुळले पाहिजेत. एका पत्रात 'मुलं', दुसऱ्यात 'शाळकरी मुलं' एवढ्यावरून कागद परत येतात.

'ही तपासणी युगांडात का करत नाही?' हा प्रश्न येणारच. 'तिथे सोय नाही' असं लिहू नका. ते खोटं आहे आणि उद्धटपणाचंही. एंटेब्बेची विषाणू संशोधन संस्था १९३६ पासून उभी आहे, झिका विषाणू १९४७ मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी वेगळा केला, कोविडच्या काळात विषाणूचे जनुकक्रम तिथे वाचले गेले. कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात पीसीआर रोजचं काम आहे. तुमच्याकडे खरं कारण असेल, उदाहरणार्थ एखादी विशिष्ट चाचणी फक्त पुण्यातच बसवलेली आहे, तर तेवढंच लिहा. सोबत युगांडातला एक विद्यार्थी किंवा तंत्रज्ञ पुण्यात शिकायला येईल अशी तरतूद करा, पण खरोखर करणार असाल तरच. माझं मत विचाराल तर डीएनए काढण्यापासून पीसीआरपर्यंत सगळं तिथेच करून फक्त आकडे घेऊन परता. वेळ कमी लागेल. डीएनए तिथे काढून अर्क घेऊन जाऊ म्हणाल, तर अर्कालाही एमटीए लागतोच.

इथे थोडा राग काढतो. लोक समजतात की उशीर युगांडात होतो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका परदेशी विद्यापीठाच्या करार विभागाने. यूएनसीएसटीचा कराराचा तयार मसुदा समोर असताना त्यांना स्वतःचाच मसुदा हवा, नमुन्यांची मालकी युगांडातल्या संस्थेकडे राहील हे कलम त्यांना खटकतं, आफ्रिका म्हणजे जणू एकच देश अशा थाटात ईमेल येतात, आणि फाइल कुणाच्या टेबलावर आहे हे विचारलं की सुट्टीवर गेल्याचं स्वयंचलित उत्तर. तुमच्या संस्थेचा करार विभाग असा असेल तर पुढच्या वेळी नमुने गोळा करण्याआधीच मसुदा पाठवा आणि मालकीच्या कलमावर भांडायचं नाही हे मार्गदर्शकांकडून लेखी घ्या. भारतीय संस्थाही यात मागे नाहीत, एवढंच म्हणतो.

बॅगेतून नेण्याचं तुम्ही हळूच विचारलंय. नाही. रोगकारक असू शकणारे नमुने प्रवासी सामानात चालत नाहीत, हातातल्या नाही आणि खालच्याही नाही. बिनसंसर्गी नमुन्यांसाठी आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांत ए १८० ही सवलत आहे, पण आपले नमुने बिनसंसर्गी आहेत हा दाखला स्वतःच स्वतःला द्यायचा नसतो.

रीतसर पाठवताना यूएन ३३७३ (अशा जैविक नमुन्यांचा वाहतूक-क्रमांक), पॅकिंग सूचना ६५०. तीन थर : गळणार नाही अशी नळी, शोषक कागदासह गळणार नाही असं दुसरं पात्र, बाहेर कडक खोकं. नळी किंवा दुसरं पात्र, दोहोंपैकी एकाने ९५ किलोपास्कल दाबफरक सहन केला पाहिजे. टिकवण्यासाठीचं इथेनॉल एका नळीत ३० मिलिलिटरपर्यंत चालतं, तुमचं दोनेक मिलिलिटर असेल. खोक्यावरचं चौकटीचं चिन्ह किमान ५० मिलिमीटर बाजूचं हवं. कोरडा बर्फ गळ्यात मारू देऊ नका, इथेनॉलमधल्या नमुन्यांना त्याची गरज नाही. तो घेतला की यूएन १८४५, वर्ग ९ चं लेबल, किलोतलं निव्वळ वजन आणि वायू बाहेर जाण्याची सोय, असा नवा पसारा सुरू होतो.

भारताच्या बाजूने, प्रकल्पात परदेशी सहकार्य किंवा निधी असेल तर आयसीएमआरमार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा विषय येतो का, हे आपल्या संस्थेच्या नीतिसमितीला आत्ताच विचारा. माहितीचंही तसंच : युगांडाचा २०१९ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यामुळे मुलांची नावं आणि क्रमांक जोडणारी यादी युगांडातच कुलपात ठेवा. पुण्यात फक्त क्रमांक यावेत.

विषय निघालाच आहे तर, पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. युगांडाहून थेट भारतात उतरणाऱ्याकडे ते नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं, आणि लस घेतल्यावर १० दिवसांनीच प्रमाणपत्र ग्राह्य धरतात.

तीन आठवड्यांत हे सगळं होणार नाही. तिकीट बदलण्यापेक्षा नळ्या तिथल्या सहसंशोधकांच्या प्रयोगशाळेत, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये, लेखी पोच घेऊन ठेवा. किती, कोणत्या क्रमांकाच्या, कुणाच्या ताब्यात, हे पोचेवर हवं. जाण्याआधी प्रत्येक नळीचं झाकण पिरगाळून पाहा, इथेनॉल उडतं. क्रमांक मार्करने लिहिलेले असतील तर एक थेंब सांडला तरी पुसले जातात. जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने क्रमांक लिहून चिठ्ठी नळीच्या आत टाका.